माझा पेपर कोण वाचणार? ऑनलाइन सेमिनरीत ईश्वरविज्ञान शिकणाऱ्यांसाठी

ऑनलाइन सेमिनरीची, म्हणजे ख्रिस्ती ईश्वरविज्ञान शिकवणाऱ्या संस्थेची, जाहिरात आवडली, तर पैसे भरण्याआधी त्यांच्या ऑफिसला फोन लावा आणि एकच विचारा: मी लिहिलेला पेपर कोण वाचणार? त्या शिक्षकांचं नाव काय, ते स्वतः कुठे शिकले, आणि शेरे मारलेला पेपर माझ्याकडे किती दिवसांनी परत येतो? समोरचा माणूस सरळ उत्तर देत असेल तर पुढचं बोलणं करा. ‘सगळं सिस्टिममध्ये आपोआप होतं’ असं ऐकू आलं, तर समजा की तुम्हाला काही व्हिडिओ आणि शेवटी एक रंगीत प्रमाणपत्र विकलं जाणार आहे.

हा प्रश्न पहिला ठेवण्याचं कारण साधं आहे. उत्तम व्याख्यानं आज फुकट मिळतात, त्यासाठी फी भरायची गरज उरलेली नाही. पण ईश्वरविज्ञान ऐकून येत नाही. उतारा वाचायचा, आपलं मत मांडायचं, आणि जाणत्या माणसाने ‘हे कशावरून म्हणता?’ असं समासात लिहिलं की पुन्हा बसायचं. फी त्या समासातल्या प्रश्नासाठी असते.

आधी आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, विचारा

कशासाठी शिकायचं हे ठरल्याशिवाय कोर्स निवडता येत नाही, आणि ते एकट्याने ठरवण्यातही अर्थ नाही. पाळक व्हायचं असेल, म्हणजे दीक्षाविधीपर्यंत जायचं असेल, तर निर्णय तुमच्या चर्चच्या हातात आहे. १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियासारख्या चर्चमध्ये उमेदवाराची निवड धर्मप्रांत करतो, आणि कुठल्या कॉलेजात पाठवायचं हेही बिशप व त्यांचं मंडळ ठरवतं. आपणच ऑनलाइन पदवी घेऊन त्यांच्यापुढे उभं राहिलात तर कौतुक होईल, दीक्षा मिळेलच असं नाही. कॅथलिक धर्मगुरूंची घडण तर सेमिनरीत राहूनच होते, तिला घरबसल्या पर्याय नाही. स्वतंत्र मंडळ्यांमध्ये नियम सैल असतात. तिथे मान्यतेपेक्षा शिकवणुकीची जास्त चौकशी होते: तुमची सेमिनरी बाप्तिस्म्याबद्दल, पवित्र आत्म्याच्या दानांबद्दल, स्त्रियांच्या सेवेबद्दल काय मानते? ते आधीच वाचून ठेवा. बहुतेक सेमिनऱ्यांच्या संकेतस्थळावर त्यांचं विश्वासाचं निवेदन असतं आणि ते तिथे शोभेसाठी ठेवलेलं नसतं.

रविवारची शाळा, तरुण संघ, घरगुती बायबल अभ्यास चालवणाऱ्यांना किंवा केवळ समजून घ्यायचं म्हणून शिकणाऱ्यांना मोकळीक जास्त आहे. ऑनलाइन शिक्षण खरं तर याच लोकांना शोभतं. बँकेत, शाळेत, दवाखान्यात नोकरी करणारा माणूस तीन-चार वर्षं वसतिगृहात जाऊन राहणार कसा? दूर राहून शिकवण्याची ही पद्धत काही इंटरनेटने आणलेली नाही. १९६३ मध्ये ग्वाटेमालातल्या एका प्रेस्बिटेरियन सेमिनरीने विद्यार्थ्यांना बोलावण्याऐवजी शिक्षकांनीच गावोगावी जायचं ठरवलं. आठवडाभर घरी स्वाध्याय आणि मग गटात चर्चा असा तो क्रम होता. भारतात बंगळूरची टाफ्टी ही संस्था १९७१ पासून याच वाटेने शिकवते आहे, आणि भारतीय भाषांतही शिकवते. ‘माझ्या जिल्ह्यात मराठी गट चालतो का?’ असं त्यांना जरूर विचारा. स्थानिक गट मिळाला तर माझं मत असं की निदान पहिलं वर्ष परदेशी कोर्सकडे वळूच नका.

मान्यता कोणाची, आणि ती कुठे चालते

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून थोडं सावकाश.

भारतात बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजचं नाव आधी येतं. विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी १८१८ मध्ये हे कॉलेज काढलं. सेरामपूर तेव्हा डॅनिश वसाहत होतं, म्हणून १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाकडून पदव्या देण्याची सनद मिळाली, आणि पुढे १९१८ च्या बंगालच्या कायद्याने पदव्या देणाऱ्या मंडळाची, म्हणजे सिनेटची, घडी बसली. (हेच कॅरी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापणारे, त्यामुळे आपल्याला हे नाव अगदीच परकं नाही.) देशभरातल्या अनेक सेमिनऱ्या या सिनेटला संलग्न आहेत. बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) आणि एम.टीएच. (मास्टर ऑफ थिऑलॉजी) या पदव्या संलग्न कॉलेजात राहून करायच्या असतात. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी सिनेटचं कोलकात्याचं सेप्टर हे केंद्र ख्रिस्ती अभ्यासाची पदविका, बी.सी.एस. (बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज) आणि एम.सी.एस. (त्यातलीच मास्टर्स) असे बहिःस्थ अभ्यासक्रम चालवतं. बी.सी.एस. म्हणजे बी.डी. नव्हे, ते सामान्य विश्वासी वाचकांसाठी आहे. प्रवेश घेताना परीक्षा केंद्र कुठलं आणि उत्तरपत्रिका कोणत्या भाषेत लिहिता येते, या दोन गोष्टी लेखी विचारून घ्या.

दुसरी मान्यता एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची, म्हणजे एटीएची. इव्हँजेलिकल सेमिनऱ्यांच्या या संघटनेची तपासणी गंभीरपणे होते, आणि तिच्या मान्यतेची एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) चर्चच्या व सेवाभावी संस्थांच्या वर्तुळात मानली जाते. पण एटीए हे विद्यापीठ नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याचं कलम २२ पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापलेल्या विद्यापीठांना आणि तशाच अधिकृत संस्थांना देतं. त्यामुळे सरकारी नोकरी, बी.एड.चा प्रवेश किंवा विद्यापीठातली पीएच.डी. डोळ्यांपुढे असेल, तर ज्यांच्याकडे अर्ज करणार त्यांनाच आधी विचारा. सेमिनरीच्या ऑफिसातून मिळालेला ‘चालतं हो’ पुढे कामाला येत नाही.

अमेरिकन सेमिनरीचा विचार असेल तर मान्यता देणाऱ्या संस्थेचं नाव पाहा. असोसिएशन ऑफ थिऑलॉजिकल स्कूल्स, म्हणजे एटीएस, ही पदव्युत्तर ईश्वरविज्ञानातली मुख्य संस्था. बायबल कॉलेजांसाठी असोसिएशन फॉर बिब्लिकल हायर एज्युकेशन, म्हणजे एबीएचई, आहे. सेमिनरीच्या पानावरच्या गोल शिक्क्यावर भरवसा ठेवू नका. मान्यता देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन यादीत नाव शोधा. अमेरिकेतल्या काही राज्यांत, उदाहरणार्थ फ्लोरिडात, धार्मिक संस्थांना परवान्यातून सूट मिळते आणि त्या धार्मिक पदव्या देऊ शकतात. ते बेकायदेशीर नाही, पण त्या पदवीमागे कोणाचीही तपासणी नसते. आपल्याकडे काही पाळकांच्या नावामागे अचानक ‘डॉ.’ लागतं त्यातल्या बऱ्याच पदव्या अशाच वाटेने येतात. पैसे भरा, साक्ष लिहून पाठवा, गाऊन भाड्याने घ्या. मंडळी टाळ्या वाजवते, आणि ज्याने खरोखर सात वर्षं घासली त्याच्या ‘डॉ.’ची किंमतही त्याच भावात जाते.

कॅथलिक वाचकांसाठी वेगळी दारं आहेत. अमेरिकेतलं कॅथलिक इंटरनॅशनल युनिव्हर्सिटी (पूर्वीचं कॅथलिक डिस्टन्स युनिव्हर्सिटी) १९८३ पासून दूरशिक्षणच देतं, आणि डोमिनिकन संघाची डोमुनी ही ऑनलाइन संस्था एकाहून अधिक भाषांत शिकवते. परदेशी ऑनलाइन पदवीला भारतात समकक्षता मिळेल असं मात्र गृहीत धरू नका, मग संस्था कितीही नामांकित असो.

फी भरण्याआधीचे तीन महिने

येल विद्यापीठाने जुना करार आणि नवा करार या दोन्हींवरचे पूर्ण सत्राचे वर्ग खुले ठेवले आहेत, क्रिस्टीन हेस आणि डेल मार्टिन यांचे. दोन्ही वर्ग विद्यापीठीय आहेत, मंडळीतले नाहीत. तिथे प्रार्थनेने सुरुवात होत नाही. विश्वासाच्या चौकटीतून शिकायचं असेल तर बिब्लिकल ट्रेनिंग आणि थर्ड मिलेनियम यांचे मोफत अभ्यासक्रम आहेत. यातला कुठलाही एक घ्या, चार घेऊ नका. तीन महिने आठवड्याला दोन व्याख्यानं ऐका आणि प्रत्येक महिन्याच्या शेवटी हजार शब्दांचा एक निबंध लिहा. मराठीत लिहिला तरी हरकत नाही. तो तुमच्या पाळकांना किंवा ओळखीतल्या एखाद्या सेमिनरी पदवीधराला वाचायला द्या.

तिन्ही निबंध लिहून झाले तर तुम्ही पैसे भरायला तयार आहात. व्याख्यानं सगळी पाहिली पण निबंध एकही झाला नाही, असं असेल तर तुम्हाला ऐकायची आवड आहे. ती चांगलीच आवड आहे, आणि ती फुकटात भागते.

वेळेचा हिशेब

अमेरिकन पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास घरचा अभ्यास, साधारण पंधरा आठवडे. तीन क्रेडिटच्या एका विषयाला आठवड्याला नऊ तास झाले. तोच विषय आठ आठवड्यांत उरकणार असतील तर सतराच्या आसपास. एटीएसच्या निकषाप्रमाणे एम.डिव्ह.ला किमान ७२ क्रेडिट लागतात, म्हणजे असे २४ विषय. नोकरी सांभाळून सत्राला दोन घेतले आणि वर्षाला दोन सत्रं धरली, तर सहा वर्षं. घरच्यांना हा आकडा आधी सांगा. इंग्रजी ही आपली वाचायची पहिली भाषा नसेल तर नऊचे बारा तास होतात, तेही धरून ठेवा.

घड्याळाची भानगड वेगळी. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातला थेट वर्ग असेल, तर आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे जातात, मग साडेपाच. ‘रविवारी रात्री ११:५९ पर्यंत’ ही तिथली मुदत इथे सोमवारी सकाळी ९:२९ ला संपते, हिवाळ्यात १०:२९ ला. रविवारचा दिवस उपासनेत आणि पाहुण्यांत गेला तरी सोमवारची पहाट हातात उरते, हा आपला फायदा. पहाटेचे वर्ग वर्षभर झेपणार नसतील तर ध्वनिमुद्रण पाहून चालतं का ते प्रवेशाआधी विचारा. पुष्कळ ठिकाणी चालतं, पण काही विषयांत थेट हजेरी सक्तीची असते.

पेपर कसा लिहायचा

पुष्कळ जण इथे अडतात, आणि त्याला नेहमी इंग्रजीच कारणीभूत असते असं नाही. आपण चर्चमधले संदेश, म्हणजे प्रवचनं, ऐकून वाढलेलो असतो. संदेशात उतारा वाचून लगेच ‘आपल्यासाठी’कडे जायचं असतं. सेमिनरीचा पेपर त्या ‘आपल्यासाठी’ला बराच वेळ दाराबाहेर थांबवतो.

समजा उतारा आहे नव्या करारातला मार्क ७:२४–३०. सोर प्रांतातली एक परराष्ट्रीय बाई मुलीसाठी येशूकडे येते आणि मुलांची भाकर कुत्र्यांना टाकण्याबद्दलचं ते खडतर उत्तर ऐकते, आणि ‘कुत्रीही मुलांच्या हातून पडलेला चुरा खातात’ असं म्हणते. पहिल्या दिवशी टीकाग्रंथ, म्हणजे अभ्यासकांनी बायबलवर लिहिलेली भाष्यं, उघडूच नका. उतारा दोन-तीन मराठी भाषांतरांत वाचा: बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल, आणि हाती लागलं तर पंडिता रमाबाईंचं. जिथे शब्द वेगळे पडतात तिथे खूण करा. मग मत्तय १५:२१–२८ शेजारी ठेवा. मार्कची सुरफुनीकी बाई मत्तयात कनानी होते. शिष्य ‘तिला पाठवून द्या’ म्हणतात ते मार्कमध्ये नाही. इस्राएलाच्या हरवलेल्या मेंढरांचं वाक्यही फक्त मत्तयात. हे फरक वहीत लिहा, अर्थ लावू नका.

दुसऱ्या बैठकीत मागेपुढे बघा. मार्कमध्ये या गोष्टीच्या अगदी आधी हात धुण्याचा आणि शुद्ध-अशुद्ध अन्नाचा वाद आहे. त्याच्याही आधी पाच हजारांना भाकरी मिळते, आणि आठव्या अध्यायाच्या सुरुवातीला चार हजारांना. दोन भोजनांच्या मधोमध एक बाई चुऱ्याबद्दल बोलते आहे. हे मार्कने योगायोगाने मांडलं असेल का? हा झाला तुमचा प्रश्न. त्याचं एका वाक्यातलं तात्पुरतं उत्तर म्हणजे पेपरचा मुद्दा. हे वाक्य हाती आल्यावरच टीकाग्रंथ उघडा, आणि तुमच्याशी न पटणारा निदान एक तरी वाचा.

शेवटी स्वतःकडे या, पण या जरूर. ज्या समाजात कोणी पंगतीत बसायचं आणि कोणी उष्ट्यावर राहायचं हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं होतं, तिथला वाचक या बाईचं उत्तर बॉस्टनच्या वाचकापेक्षा वेगळं ऐकतो. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी दिलेल्या व्याख्यानापासून दलित ईश्वरविज्ञानाची जी मांडणी सुरू झाली, तिला अभ्यासात जागा आहे. परदेशी शिक्षक अशा लिखाणाची वाट पाहत असतात. मात्र आधीच्या दोन बैठका टाळून थेट इथे आलात तर तोच शिक्षक समासात लिहील, ‘उतारा कुठे आहे?’

तळटीपांचं तंत्र कंटाळवाणं असलं तरी पंधरवड्यात बसतं. संदर्भ नोंदवणारं झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर पहिल्याच दिवशी घ्या आणि सेमिनरी कोणती शैली मागते ते त्यात निवडून ठेवा. दुसऱ्याचं वाक्य अवतरणचिन्हाशिवाय घेणं आपल्याकडच्या संदेशांत खपतं, इथे त्याला चोरी म्हणतात आणि तपासायला यंत्रं आहेत. एआयकडून काय करून घेतलेलं चालतं हे बहुधा विषयाच्या आराखड्यात लिहिलेलं असतं; ते शिक्षकागणिक बदलतं, म्हणून दर सत्राला वाचा.

पुस्तकांसाठी सगळं विकत घेऊ नका. आद्य ख्रिस्ती लेखकांचे जुने इंग्रजी अनुवाद ख्रिश्चन क्लासिक्स इथिरियल लायब्ररीत मोफत आहेत. बरेच आधुनिक ग्रंथ इंटरनेट आर्काइव्हवर उसने मिळतात. पुण्याच्या आसपास असाल तर बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी, जी १९८३ मध्ये यवतमाळहून इथे आली, आणि नगर रस्त्यावरचं ज्ञानदीप ही कॅथलिक संस्था, अशी दोन मोठी ग्रंथालयं जवळ आहेत. बाहेरच्या वाचकाला बसू देतात का, शुल्क किती, हे जाऊन विचारा. पाळकांचं पत्र सोबत न्या.

ग्रीक आणि हिब्रू

घाबरून हे विषय शेवटी ढकलू नका. ग्रीकमध्ये तीन लिंगं आहेत, मराठीत आहेतच. बिचाऱ्या इंग्रजी विद्यार्थ्याला टेबल स्त्रीलिंगी कसं, इथूनच सुरुवात करावी लागते. विभक्ती आपण शाळेत पाठ केल्या, आणि ग्रीकमध्ये त्या आठ नाहीत, पाचच. संस्कृतातलं आत्मनेपद आठवत असेल तर ग्रीकचा मध्यम प्रयोग ओळखीचा वाटेल. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात आणि तिची बावीस अक्षरं आठवड्यात येतात. अवघड असतात ती क्रियापदं. रोज वीस मिनिटं द्या. रविवारी एकदम तीन तास बसून भाषा येत नाही. केंब्रिजच्या टिंडेल हाउसचं स्टेप बायबल मोफत आहे, त्यात शब्दावर बोट ठेवलं की मूळ रूप आणि व्याकरण दिसतं. केडगावात संस्थेचा एवढा व्याप सांभाळून रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं. त्यांच्याकडे ना ॲप होतं ना व्हिडिओ.

ढवळून निघाल्यावर

पहिल्याच सत्रात कळतं की उत्पत्तीच्या पहिल्या दोन अध्यायांत निर्मितीचा क्रम एकसारखा नाही, आणि मार्कच्या शेवटच्या बारा ओळी सायनायटिकस व व्हॅटिकानस या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत नाहीत. सायनायटिकस तर ऑनलाइन उघडून स्वतः पाहता येतं. वसतिगृहात असता तर रात्री जेवताना कोणाशी तरी यावर वाद झाला असता. घरी तुम्ही एकटे, लॅपटॉप बंद, आणि सकाळी रविवारची शाळा घ्यायची. म्हणून प्रवेश घेतानाच एक माणूस ठरवून ठेवा, ज्याच्याशी महिन्यातून एकदा बसून हे बोलता येईल. तो तुमच्याशी सहमत असण्याची गरज नाही, त्याने हे आधी वाचलेलं असलं म्हणजे झालं. आणि कालच कळलेली गोष्ट आज मंडळीत सांगू नका. स्वतःला सहा महिने द्या.

मराठीत परत आणा

इंग्रजीत शिकलेलं इंग्रजीतच राहिलं तर मंडळीला त्याचा उपयोग नाही. प्रत्येक पेपर परत आला की त्याचं दोन पानी मराठी टिपण करा आणि अभ्यासगटात वाचा. जी संकल्पना मराठीत सांगताना तुम्ही अडखळता, ती तुम्हाला अजून समजलेली नसते. शिक्षकांना पुढचा प्रश्न तिथलाच विचारा.

शेवटच्या प्रकल्पाचा विषय निवडायची वेळ येईल तेव्हाही इकडे बघा. १६१६ मध्ये छापलेलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण, नारायण वामन टिळकांचे अभंग, बाबा पदमनजींचं लेखन, ज्ञानोदय या ख्रिस्ती नियतकालिकाचे १८४२ पासूनचे अंक यांवर परदेशी विद्यार्थ्याला काम करायचं तर आधी मराठी शिकावी लागेल. तुम्ही मूळ मजकूर वाचू शकता. फक्त पर्यवेक्षकाला मराठी येत नसेल, तर मराठी जाणणारा दुसरा परीक्षक नेमता येईल का हे प्रस्तावाच्या वेळीच विचारा, आणि नाव तुम्हीच सुचवा. संस्थेने नाही म्हटलं, तर प्रत्येक उद्धृत ओवी-अभंगाचा इंग्रजी अनुवाद परिशिष्टात द्यावा लागेल. त्यासाठी वेळापत्रकात एक जादा महिना धरा.